40 चा प्लॅन 200 एमबीपीएस केला, तरी वेबसाइट तेवढाच वेळ का घेते?

तुम्ही म्हणता, प्लॅन वाढवल्यावर डाउनलोड भराभर होतात, पण अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवलेली तुमची वेबसाइट पुण्यात पूर्वीइतकीच रेंगाळत उघडते. तुमची फसवणूक झालेली नाही. प्लॅनचा आकडा सेकंदाला किती डेटा येऊ शकतो ते सांगतो. पहिला बाइट किती वेळाने येईल, ते त्यात नसतं.

मुंबई ते व्हर्जिनिया सरळ अंतर सुमारे 13,000 किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 130 मिलिसेकंद तरी लागणारच. केबल वळसे घेत जाते, म्हणून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, 200 मिलिसेकंदांच्या पुढे दिसतो. हा वेळ कितीही पैसे भरले तरी घटत नाही.

आणि अशी फेरी एकदाच होत नाही. कनेक्शन जोडायला एक, एचटीटीपीएसच्या सुरक्षेची बोलणी करायला आणखी एक. मग फाइल मागितली की सर्व्हर एकदम सगळी ओतत नाही. पहिल्या खेपेला साधारण 14 केबी, पोच मिळाली की 28, मग 56, असा दुपटीने वाढवत नेतो. 2 एमबीच्या एका फोटोला अशा आठ खेपा लागतात. एकूण दहा फेऱ्या, एका फेरीला 220 मिलिसेकंद धरले तर दोन सेकंदांहून जास्त. एवढ्यात 40 ची लाइनसुद्धा पुरती भरत नाही, मग 200 चा उपयोग कुठे होणार?

लाइन 2 एमबीपीएसची असेल तर मात्र बँडविड्थच, म्हणजे सेकंदाला किती डेटा येऊ शकतो तेच, आड येते. 2 एमबी म्हणजे 16 मेगाबिट, नुसतं उतरायलाच आठ सेकंद. गावाकडे कमी रेंजमध्ये मोबाइलवर हेच होतं, म्हणून फोटो हलके करणं मी कधीच टाळत नाही.

मी वेबसाइट बनवतो. एका क्लायंटची साइट कोडची एक ओळ न बदलता मुंबईतल्या सर्व्हरवर हलवली. त्यांचं सगळं गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं. पिंग 220 वरून 15 वर आला आणि पान लगेच दिसू लागलं. तुमचं गिऱ्हाईकही इथलंच असेल तर आधी हेच करा. जगभर असेल तर सीडीएन लावा, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा. त्याआधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पिंग बघा. तेवढ्यानेच तो बराच उतरला, तर थोडा दोष वाय-फायचाही आहे.