ऑल-अमेरिका संघ असताना ऑल-सदर्न, ऑल-वेस्टर्न असे वेगळे संघ कशाला निवडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १८८९ पासून कॉलेजांतल्या अमेरिकन फुटबॉलचा ऑल-अमेरिका संघ, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम अकरा जणांची यादी, जाहीर होत होता, मग त्याच्या जोडीला ऑल-सदर्न, ऑल-वेस्टर्न असे विभागीय संघ का निघाले? वरच्या यादीत न बसणाऱ्यांची समजूत काढायची ती सोय होती का?

‘समजूत काढायची सोय’ हे वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. अगदी हेच शब्द माझा मेहुणा मला गेली पंधरा वर्षं ऐकवतोय.

सोय वगैरे काही नव्हती. ऑल-अमेरिका हे नाव तेवढं मोठं होतं. पहिली यादी काढून बघा. क्रीडापत्रकार कॅस्पर व्हिटनीनं छापलेली, येलचा जुना खेळाडू आणि कोच वॉल्टर कॅम्प याचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं. अकरा जणांत प्रिन्स्टनचे पाच, येलचे तीन, हार्वर्डचे तीन. तिन्ही विद्यापीठं पूर्वेचीच. झाली अमेरिका. पुढं कॅम्पची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली, पण माणूस न्यू हेवनमध्ये, म्हणजे येलच्या गावात, घड्याळाच्या कंपनीत नोकरीला. शनिवारी जे सामने गाठता येतील ते बघायचा, बाकीचं पत्रांवरून आणि वर्तमानपत्रांवरून. पूर्वेबाहेरचा पहिला खेळाडू त्याच्या पहिल्या अकरात आला तो १८९८ मध्ये, शिकागोचा क्लॅरेन्स हर्शबर्गर. म्हणजे नऊ वर्षं गेली. आणि शिकागो काही आडगाव नव्हतं.

(नकाशा घेऊन बसला असाल तर एक सांगतो. तेव्हाचं ‘वेस्टर्न’ म्हणजे शिकागो, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा. आज ज्याला मिडवेस्ट म्हणतात ते. कॅलिफोर्नियावाल्यांचा हिशोब वेगळा, ते पॅसिफिक कोस्टचा संघ निवडायचे.)

आता दक्षिणेकडं येतो, कारण मी टेनेसीत राहतो आणि सेवानी माझ्या घरापासून गाडीनं तासाभरावर आहे. डोंगरमाथ्यावरचं छोटं विद्यापीठ, सगळ्या इमारती वाळूच्या दगडाच्या, धुकं असलं की घंटा ऐकू येते आणि मनोरा दिसत नाही. १८९९ मध्ये इथली पोरं रेल्वेनं निघाली आणि सहा दिवसांत पाच सामने खेळून आली. ९ नोव्हेंबरला टेक्सास विद्यापीठाला १२-० हरवलं, दुसऱ्या दिवशी टेक्सास ए अँड एमला १०-०, तिसऱ्या दिवशी टुलेनला २३-०. मग रविवार, म्हणून सुटी. सोमवारी एलएसयूला (लुइझियाना स्टेट) ३४-० आणि मंगळवारी मेम्फिसमध्ये ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) १२-०. प्रवास साधारण चार हजार किलोमीटरचा. पाच सामन्यांत समोरच्याला एक गुण नाही. अख्ख्या मोसमात बारापैकी बारा जिंकले, ३२२ गुण केले आणि दिले फक्त दहा. ते दहाही एकाच सामन्यात, जॉन हाइजमन कोच असलेल्या ऑबर्नला.

त्या वर्षी कॅम्पच्या पहिल्या अकरात सेवानीचे किती? शून्य. अकराच्या अकरा पूर्वेचे.

मेहुणा थँक्सगिव्हिंगला न्यू जर्सीहून आला होता, तेव्हा त्याला मुद्दाम तिथं घेऊन गेलो. मैदानाच्या कडेला उभा राहून हे सगळं सांगितलं. त्यानं जॅकेटची चेन वर ओढली आणि म्हणाला, “चांगले असते तर घेतलं असतं की. खरी गुणवत्ता झाकून राहत नाही.”

मेहुणा पुण्याचा आहे. एवढं सांगून पुढं जातो.

१९९६ साली मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि खो-खो खेळायचो. बरा नाही, चांगला खेळायचो. विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी शहरात होती, सकाळी आठला. पहिल्या एसटीनं गेलो असतो तर अकरा वाजले असते, म्हणून आदल्या संध्याकाळीच निघालो आणि रात्र स्टँडच्या बाकावर काढली. बूट उशाला, कारण बूट माझे नव्हतेच, चुलतभावाचे होते.

मैदानावर एका खांबाजवळ पत्र्याची शेड होती. शेडमध्ये तीन खुर्च्या, खुर्च्यांत निवड समिती. ऊन चढलं तशा खुर्च्या आणखी आत सरकल्या. मी दुसऱ्या तुकडीत संरक्षणाला उतरलो. आधी एकेरी साखळी खेळलो, मग लांबच्या खांबाकडं रिंग धरली, दोनदा सूर चुकवला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. घड्याळ लावणारा पोरगा शहरातल्याच कॉलेजचा होता, त्यानंच मोठ्यानं सांगितलं. मी धापा टाकत शेडकडं बघितलं तर दोन खुर्च्या रिकाम्या. चहा आला होता. तिसरे गृहस्थ बसून होते, त्यांनी मला बोटानं बोलावलं.

“कुठलं कॉलेज?”

मी सांगितलं.

“ते कुठं आलं?”

तेही सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

चारला यादी लागली. बारा नावं, त्यातली नऊ शहरातल्या दोन कॉलेजांची. खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन राखीव. दुसरा राखीव मी. आडनाव चुकीचं. राखीवला ट्रॅकसूट नाही, प्रवासभत्ता नाही, गाडीत जागा नाही. राखीव म्हणजे घरी बसून कुणाचा तरी पाय मुरगळायची वाट बघायची. कुणाचाही मुरगळला नाही.

पुढची गोष्ट मेहुण्याला दहादा सांगितली असेल. आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक रागीट माणूस. त्यांनी त्या मोसमात लुनावर फिरून आसपासच्या सगळ्या कॉलेजांचे सामने बघितले होते. यादी कळल्यावर आठवडाभरात त्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: ‘आपला संघ’. खाली बारा नावं, प्रत्येकापुढं गाव. माझं नाव दुसरं. आडनाव बरोबर. बाजारचा दिवस होता, माणसं पिशव्या खाली ठेवून वाचत होती. एका कंडक्टरनं मला तिकीट न मागता बसवलं होतं, तेवढंच काय ते मानधन.

तो संघ कधीच खेळला नाही. खेळणार कुठं आणि कुणाशी? फळ्यावर जन्मला, पावसानं गेला.

आणि हेच तर ऑल-सदर्नचं होतं! हे अकरा जणही त्या नावानं मैदानात उतरायचे नाहीत. नोव्हेंबरअखेर मोसम संपला की कुणीतरी वर्तमानपत्रात अकरा नावं छापायचा. कधी लेखक, कधी कोच, कधी चारपाच जणांच्या याद्यांची बेरीज. अटलांटा, नॅशव्हिलच्या पेपरांचा खपही त्यावर वाढायचा हे उघड आहे, दुकानादुकानांत त्यावर भांडणं व्हायची. ग्रँटलंड राइस हा पुढं देशभर गाजलेला क्रीडालेखक टेनेसीचाच, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पदवीधर, तोही सुरुवातीला ऑल-सदर्न निवडायचा. गंमत म्हणजे १९२५ मध्ये कॅम्प वारला तेव्हा ‘कोलियर्स’ साप्ताहिकातली ऑल-अमेरिका निवडायची गादी याच राइसकडं आली. फळा लिहिणारा माणूस शेवटी शेडमधल्या खुर्चीत जाऊन बसला म्हणा.

तेव्हा ‘गरज काय होती’ याचं उत्तर मी असं देईन: अंतर होतं, फिल्म नव्हती, पूर्व आणि दक्षिण एकमेकांशी क्वचित खेळायचे आणि निवडणारा एकाच खांबाजवळ बसला होता. त्याला दिसत नव्हतं ते दिसणाऱ्यांनी लिहून ठेवलं. आज सेवानीच्या त्या संघातल्या पोरांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, ती न्यू हेवनच्या कृपेनं नाहीत.

‘झाकून राहत नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की दक्षिणेचे संघ जेव्हा जेव्हा पूर्वेशी भिडले तेव्हा काय झालं. १९१० मध्ये व्हँडरबिल्ट न्यू हेवनला जाऊन येलशी ०-० खेळलं, कॅम्पच्या अंगणात. १९२१ मध्ये केंटकीतल्या सेंटर नावाच्या चिमुकल्या कॉलेजनं हार्वर्डला ६-० हरवलं, बो मॅकमिलिनच्या एका धावेवर. आणि पश्चिमेशी म्हणाल तर १ जानेवारी १९२६ ला कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल या नववर्षाच्या सामन्यात अलाबामानं पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टनला २०-१९. एका रात्रीत दक्षिणेच्या पाण्यात काही बदल झाला नव्हता. बघणारे वाढले होते. नशीबही असं की १९१७ मध्ये दक्षिणेचं जॉर्जिया टेक देशातला सर्वांत जबर संघ होता, आणि नेमकं त्याच वर्षी महायुद्धामुळं कॅम्पनं नेहमीची कॉलेजांची यादीच काढली नाही, लष्करी छावण्यांतल्या खेळाडूंचा संघ निवडला. टेकचा एव्हरेट स्ट्रपर, ज्याला ऐकू कमी यायचं, तो इतरांच्या ऑल-अमेरिका याद्यांत झळकला, कॅम्पच्या नाही.

तुम्ही यावर काही लिहिणार असाल तर कॅम्पच्या यादीतली डोकी मोजून ‘अमुक विभाग कच्चा होता’ असा निष्कर्ष काढू नका. माझ्या मेहुण्यानं एक्सेलमध्ये तसा तक्ता केला आहे. तो त्याच्याकडंच राहू द्या.

आता दुसरी बाजू, कारण न लिहिलं तर तो इथं येऊन लिहील. विभागीय याद्या काही गंगेत न्हालेल्या नव्हत्या. हाइजमन स्वतः कोच असताना ऑल-सदर्न निवडायचा, म्हणजे परीक्षा देणाराही तोच आणि पेपर तपासणाराही तोच. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना ‘दक्षिणेत’ धरायचे की नाही यावर निवडणाऱ्यागणिक वेगळं मत असायचं, त्यामुळं दोन याद्या शेजारी ठेवल्या की अर्धी नावं बदललेली. आमच्या सरांच्या बारातही चौघं आमच्याच कॉलेजचे होते. मेहुण्यानं हे बरोबर पकडलं होतं आणि मी तेव्हा विषय बदलला होता.

त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. विल्यम हेन्री लुईस हा कृष्णवर्णीय खेळाडू हार्वर्डकडून खेळायचा. तो कॅम्पच्या ऑल-अमेरिका यादीत १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षं आहे. ज्या यादीला मी वर एवढं बोललो, तिच्यात. त्याच १८९२ च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलिनात बिडल आणि लिव्हिंगस्टन ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कॉलेजं एकमेकांशी खेळली. खेळ दक्षिणेतच चालला होता, पण ऑल-सदर्न म्हणजे गोऱ्यांची कॉलेजं, एवढं गृहीतच होतं. त्या पोरांसाठी पुढं ‘पिट्सबर्ग कुरियर’सारखी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं स्वतःच्या याद्या काढू लागली. म्हणजे फळ्याबाहेर आणखी एक फळा.

आमच्याकडंही होता असा एक. मला खांबावरचा सूर ज्यानं शिकवला तो तांड्यावरचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझ्या दोन मिनिटं चाळीसच्या जागी त्यानं साडेतीन काढले असते, हे मी शपथेवर सांगतो. पण दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड कोयता घेऊन कारखान्याकडं निघायचं. कॉलेज सोडा, दहावीचा फॉर्म त्यानं भरला नव्हता. सरांना तो माहीत होता. मलाही होताच.

तो फडावरून परतला तेव्हा मार्च संपत आला होता आणि फळ्यावर पाण्याच्या टँकरच्या वेळा लिहिलेल्या होत्या. तो त्या वाचत उभा होता. मला बघून म्हणाला, “इथं तुझं नाव होतं म्हणं. कितवं?”

“दुसरं,” मी म्हणालो.