टर्मिनलमध्ये पांडाज बसलं, तरी व्हीएस कोडच्या नोटबुकमध्ये ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ का येतं?

पांडाज (डेटा हाताळायचं पायथनचं पॅकेज) पुन्हा पुन्हा बसवू नका, ते बसलेलंच आहे. फक्त दुसऱ्याच पायथनमध्ये. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा दोन पायथन आहेत: एक थेट टाकलेलं, एक अॅनाकोंडा या तयार पायथन-संचाबरोबर आलेलं. टर्मिनल एक वापरतं, नोटबुकचा कर्नल (सेलमधला कोड चालवणारा भाग) दुसरं.

खात्री करून घ्या. नोटबुकच्या एका सेलमध्ये ‘सिस’ मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचं ‘एक्झिक्युटेबल’ छापा, मग टर्मिनलमध्ये पायथन उघडून तेच करा. त्यातून त्या-त्या पायथनचा पत्ता छापला जातो; दोन पत्ते वेगळे आले, तर दोष सापडला. नोटबुकच्या वर उजव्या कोपऱ्यात कर्नलचं नाव दिसतं. तिथे क्लिक करून टर्मिनलवालं पायथन निवडा. ‘आयपीवायकर्नल’ (पायथनला नोटबुकशी जोडणारं पॅकेज) बसवायला सांगितलं तर होय म्हणा.

यापुढे पॅकेज सेलमधूनच बसवा, पण ‘पिप इन्स्टॉल’ या पॅकेज बसवायच्या आज्ञेच्या आधी उद्गारचिन्ह नको, % लावा. % लावलं की पॅकेज चालू कर्नलच्याच पायथनमध्ये जातं. उद्गारचिन्हाने ती खात्री नसते. नंतर कर्नल रीस्टार्ट करा.

एवढं करूनही अडलं, तर फोल्डरमध्ये तुमच्याच एखाद्या फाइलला ‘पांडाज’ नाव दिलंय का बघा. पायथन आधी तीच उचलतं.

तुम्ही खानापूरकडच्या गावात राहता आणि तिथे नेट टिकत नाही, असंही लिहिलंय. बेळगावात कॉलेजच्या वायफायवर त्याच लॅपटॉपवर, त्याच पायथनने ‘पिप डाउनलोड’ करून फाइली एका फोल्डरात ठेवा. घरी ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्या नेटशिवाय बसतात.