आठवी-नववीत जातिभेद शिकवला तर मुलांच्या डोक्यात नसलेली जात भरते का? शिकवायचंच झालं तर कसं?

नसलेली? असते हो, आधीपासून असते. हेच वाक्य स्टाफरूममध्ये ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून लिहायला बसलो. नाशिकला माध्यमिक शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवतोय.

एका वर्षी २ मार्चला नववीचा वर्ग घेऊन पंचवटीत काळाराम मंदिरात गेलो. देऊळ मुलांना नवं नव्हतं, रथाला सगळी येतात. दरवाजासमोर उभं करून सांगितलं : १९३० साली याच तारखेला बाबासाहेबांनी इथे अस्पृश्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांसह हजारो माणसं आली, चारही दरवाजांवर ठाण मांडून बसली. दरवाजे उघडले नाहीत. रथाच्या दिवशी दगड पडले. जवळपास पाच वर्षं लढा चालला आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

एका मुलीने विचारलं, "सर, दरवाजे आतून कोणी लावले होते?"

म्हटलं, "आपल्याच गावच्या माणसांनी." सगळी पोरं गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने सर्वांदेखत सुनावलं, "मुलांना जात माहीतसुद्धा नसते. खपल्या कशाला काढता?" त्याच गृहस्थांनी पावसाळ्यात, शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना, त्याच वर्गात "एससी-एसटीवाले उभे राहा" असं फर्मावलं होतं. तेव्हा एक मुलगी बसूनच राहिली. हीच, प्रश्न विचारणारी. देवळातून परतताना तिने मला सांगितलं, "शेजारणीला माहीत नव्हतं ना सर, म्हणून नाही उठले." त्या वर्षी तिची शिष्यवृत्ती बुडाली.

तेव्हा आधी फॉर्म वर्गात वाटणं बंद करा, पालकांना ऑफिसात बोलवा. मग धडा. आणि प्रशिक्षणात हौसेने सांगतात तो डोळ्यांच्या रंगाचा प्रयोग करू नका, म्हणजे डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन गट पाडून एकाला कमी लेखायचं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, १९६८ साली, जेन एलियट या अमेरिकन शिक्षिकेने तिसरीच्या मुलांवर तो केला. तो वर्ग सगळा गोऱ्या मुलांचा होता, वर्णभेद काय असतो हे त्यांना कळावं म्हणून तो घाट घातला. आपल्याकडे ते सोसलेलं पोर तिसऱ्या बाकावर बसलेलं असतं. त्याला "तुझा अनुभव सांग" असंही म्हणायचं नाही. गाव दाखवा, तारखा सांगा, दरवाजा कोणी लावला ते विचारू द्या.

हे आठवीपासून पुढचं सांगतोय, लहान वर्गांना याच मापाने शिकवू नका. शिवाय सहलीआधी पालकांची लेखी संमती घ्या. मी घेतली नव्हती, ती चूकच होती.

ते सहकारी आता निवृत्त झालेत. भेटले की अजून खपलीचंच बोलतात. त्या मुलीच्या न भरलेल्या फॉर्मबद्दल मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.