माझं खोटं निघालं, जाऊबाईचं खरं

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. लेकीकडून लिहून घेऊन राह्यली, चुकलं तं समजून घ्या. माह्यं वय ४४. पोळ्यानंतर आमच्या शाळेत बायांच्या तपासणीचं शिबिर लागलं होतं. आशाताई लय मागं लागली म्हून मी अन् माही मोठी जाऊ, दोघी गेलो. पिशवीच्या तोंडाले दवा लावून पाहाते, ते तपासणी. माह्यं पॉझिटिव्ह निघालं. जाऊबाईचं नॉर्मल, त्या ५८ च्या हायेत. मले जिल्ह्याले पाठोलं. तिथं दुर्बिणीतून पाह्यलं, तुकडा काढला. रिपोर्टले २३ दिवस लागले. त्या दिवसांत मी सोयाबीन सोंगाले गेली नाही, गळ्यातली पोत लेकीच्या नावानं वेगळी काढून ठेवली. रिपोर्ट आला तं काहीच नाही, नुसती सूज. अन् संक्रांतीनंतर जाऊबाईच्या अंगावरून जाऊ लागलं. पाळी जाऊन सात वर्षं झाली होती त्यायची. नागपूरले नेलं तं पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. आता शेक सुरू हाये. मालक म्हणतात नशिबाचा खेळ. गावात म्हणते मशीन बिघडेल होती. एका डॉक्टरनं मले सांगतलं, कशाले जोखीम, पिशवीच काढून टाका. जाऊबाई काही बोलत नाही, पण माह्याकडे पाहाते. आता पुन्हा शिबिर लागणार हाये. जाऊ का नको?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, जा. जाऊबाईंच्या वयाच्या बायकांना मात्र वेगळी तपासणी मागायला सांगा. आणि पिशवी काढायचा विचार डोक्यातून काढून टाका. तिन्ही गोष्टी का म्हणते, ते आता सावकाश सांगते.

मशीन बिघडली नव्हती, कारण तिथे मशीन नव्हतीच. पिशवीच्या तोंडाला लावलं ते पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे चायनीजच्या गाड्यावर बाटलीत असतं ना, त्या व्हिनेगरचाच प्रकार. ते लावून मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात डोळ्यांनी पाहायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. पण सूज असली, जंतुसंसर्ग असला, किंवा तिथली कातडी नव्यानं भरून येत असली, तरी थोडा पांढरा दिसतोच. पाहणाऱ्या बाईला तेवढ्या वेळात ठरवायचं असतं की हा पांढरा कोणता. सकाळच्या उजेडात एक उत्तर येईल, दुपारी चार वाजता खोलीत अंधारून आल्यावर त्याच बाईचं दुसरं येईल.

आता हिशेब. आकडे मी सोपे घेतले आहेत, तुमच्या शिबिराचे नाहीत. समजा तालुक्यातल्या १००० बायका आल्या. त्यांतल्या १० जणींना खरोखर काही सुरू झालेलं आहे. या तपासणीत दहांपैकी ८ सापडतात असं धरू, २ सुटतात. उरलेल्या ९९० जणींना काहीच नाही, पण त्यांतल्या दर दहांत एकीला चुकून पॉझिटिव्ह म्हटलं जातं असं धरू, म्हणजे ९९ जणी. एकूण १०७ बायकांच्या हाती पॉझिटिव्हचा कागद. त्यांत खऱ्या ८. तेरा-चौदा जणींमागे एक.

तुम्ही त्या ९९ मधल्या. जाऊबाई त्या २ मधल्या.

तुमच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहिलं त्याचा अर्थ 'पुन्हा नीट पाहायला या' एवढाच होता. तो तुम्हाला त्याच दिवशी, तिथेच, तुमच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवा होता. २३ दिवसांची झोप, सोंगणीची मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं, हा खर्च कुठल्याच अहवालात येत नाही. मला त्याचा राग आहे. तपासणीचा नाही.

दोघी एकाच घरातल्या निघाल्या, यानं तुमच्या मालकांना नशीब दिसलं. पण असं बघा, दोघी जर वेगवेगळ्या गावच्या असत्या, तर एकीला दुसरीचं नावही कळलं नसतं आणि मला हे पत्र आलं नसतं. ज्या हजारो घरांत दोघी जावा गेल्या आणि दोघींचं नॉर्मल निघून नॉर्मलच राहिलं, त्यांतल्या कुणी आजवर मला लिहिलेलं नाही. विलक्षण जोड्याच फक्त पारावर बसून सांगितल्या जातात.

आता माझंच सांगते. मी ३२ वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या पाहिल्या. पिशवीच्या तोंडावरचा नमुना काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, ती पॅपची तपासणी. एका पट्टीवर हजारो पेशी असतात. एका बाईंची पट्टी मी 'दोष नाही' म्हणून लिहिली. दीड वर्षानं त्या परत आल्या तेव्हा काही तरी निघालं, म्हणून मी जुनी पट्टी कपाटातून काढून पुन्हा लावली. अगदी कोपऱ्यात, लेबलाच्या कडेला, चार-पाच वाईट पेशी होत्या. त्या दिवशी माझी नजर तिथून सरकली होती. त्याच ट्रेमधली दुसरी पट्टी ज्या बाईंची, त्यांच्या पिशवीच्या तोंडावर अशा पेशी असत्याही, पण नमुना घेताना त्या काडीला चिकटल्याच नसत्या, तर माझी चूक नसतानाही उत्तर चुकलं असतं. दोन्ही प्रकार होतात. पहिल्याला मी अजून विसरलेले नाही.

पण जाऊबाईंचं सगळं योगायोगावर टाकायला मी तयार नाही. पिशवीच्या तोंडावर दोन प्रकारच्या कातड्या जिथे भेटतात, त्या सांध्यावर हा रोग बहुधा सुरू होतो. वय वाढलं, पाळी गेली, की तो सांधा आत नळीत सरकतो. मग बाहेरून कितीही औषध लावा, पाहायची जागाच दिसत नाही. म्हणून पाळी गेलेल्या बायकांना ही तपासणी सहसा उपयोगाची नसते, हे जाणकारांना माहीत आहे. शिबिरात सगळ्यांना एकाच रांगेत बसवलं आणि ५८ च्या बाईंनाही त्याच मापानं 'नॉर्मल' म्हटलं. तिथे 'सांधा दिसत नाही' असं लिहायला हवं होतं. त्या दोन शब्दांत फार अंतर आहे.

हा भेद तुम्हाला पुढेही उपयोगी पडेल, म्हणून थोडा आणखी ताणते. माझा भाऊ घाटंजीकडे कापूस लावतो. बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात ना? एका रात्री सापळ्यात आठ पतंग सापडले म्हणून तो फवारणीचा पंप काढत नाही. सलग तीन रात्री आठ-आठ आले, तर काढतो. कृषी विभागाचं सांगणंही तेच आहे. एका रात्री वारं असतं, पाऊस असतो, एखाद्या रात्री उगाच जास्त येतात. तीन रात्रींत हे वरखाली झिजून जातं. तपासणीचंही तसंच. एका वेळी दहांतल्या दोघी सुटत असतील आणि दुसऱ्या वेळचं सुटणं पहिल्याशी संबंधित नसेल, तर दोन्ही वेळा सुटणाऱ्या शंभरात चारच उरतात. पण भावानं सापळा विहिरीच्या आत टांगला तर? मग तीन काय, तीस रात्री मोजा. जाऊबाईंची तीच तपासणी दर वर्षी केली असती, तरी दर वेळी 'नॉर्मल'च आलं असतं कदाचित. योगायोगावर पुन्हा पुन्हा पाहणं हा उपाय आहे. चुकीच्या जागी पाहण्यावर तो चालत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातले दोन मोठे अभ्यास यात फार बोलके आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांची ही व्हिनेगरची तपासणी दोन-दोन वर्षांनी चार वेळा झाली. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. या आजाराचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांचा, सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा, २००९ मध्ये छापून आलेला. तिथे तपासणी एकदाच झाली. व्हिनेगरच्या गटात मृत्यूंत ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो, त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात मात्र मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. दोन अभ्यासांत फरक पुष्कळ होते, सगळं श्रेय 'चार वेळा'ला देता येणार नाही. पण गावात एकदा मंडप टाकून फोटो काढून निघून जाणाऱ्या शिबिरांबद्दल मला काय वाटतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

ही एचपीव्हीची तपासणी जाऊबाईंच्या वयाला चालते, कारण तिच्यात डोळ्यांनी सांधा पाहायचा नसतो. नमुना घेऊन त्यात विषाणू आहे का, हे शोधतात. सगळीकडे मिळत नाही, पण जिल्ह्याला विचारा. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवा : विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा वेळ मिळतो म्हणूनच एकदा सुटलेलं पुढच्या खेपेला सापडू शकतं.

पिशवीबद्दल. तुमच्या तुकड्यात सूज आहे, रोग नाही. त्यासाठी ४४ व्या वर्षी मोठं ऑपरेशन करून घेणं म्हणजे ढेकूण चावला म्हणून बाज जाळणं. ज्यांनी सल्ला दिला त्यांना एकच विचारा : 'रिपोर्टमध्ये काय निघालं म्हणून काढायची?' उत्तर कागदावर मागा. सुजेवर औषध घ्या आणि जिल्ह्याच्या कागदावर पुन्हा यायची तारीख नसेल, तर वर्षानं जाऊन दाखवा.

आणि जाऊबाई. त्या तुमच्याकडे पाहतात, तेव्हा 'माझं का' हे त्या विचारत असतील, 'तुझं का नाही' हे नाही. त्यांचा आजार तुमच्या वाट्याचा नव्हता, अदलाबदल झालेली नाही. शेकाच्या, म्हणजे किरणांच्या उपचाराच्या दिवसांत लघवीची आग होते, जुलाब होतात. नागपूरला एखाद्या खेपेला तुम्हीच सोबत जा. आणि पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून एकदा जरी रक्त गेलं, तरी शिबिराची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे लेकीला, नणंदांना, महिला बचत गटात सगळ्यांना सांगा. 'मागच्या साली नॉर्मल होतं' हा कागद तिथे चालत नाही.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा. तालुक्याच्या लॅबमध्ये सवलत होती म्हणून पूर्ण शरीर तपासणी केली. ६० तपासण्यांत तीन ठिकाणी आकडा हद्दीबाहेर असल्याच्या खुणेच्या तारा (*) आल्या, त्यांत एक 'कॅन्सर मार्कर' सीईए जरा जास्त आहे. मुलगा म्हणतो, नागपूरला सगळ्या अंगाचा स्कॅन करू. शेत गहाण टाकावं लागेल.
(वाचक, जि. वाशीम)

उत्तर : थांबा, शेताच्या कागदांना हात लावू नका. लॅबची 'नॉर्मल'ची हद्द बहुधा अशी आखतात की निरोगी शंभर माणसांतली ९५ आत येतील. म्हणजे प्रत्येक तपासणीत पाच निरोगी माणसं आपसूक बाहेर पडतात. अशा वीस स्वतंत्र तपासण्या केल्या, तर शंभर ठणठणीत माणसांतल्या ६४ जणांच्या कागदावर निदान एक तरी तारा येईल. साठ केल्या, तर कोरा कागद घेऊन घरी जाणारे चार-पाचच. प्रत्यक्षात या तपासण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडा इतका टोकाचा नसतो, पण तुमच्या तीन तारांचं मला जराही नवल वाटलं नाही. सवलत जितकी मोठी, तारा तितक्या जास्त.

सीईए ही निरोगी माणसात कॅन्सर शोधायची तपासणी नाही. ती मुख्यतः आतड्याच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या माणसावर लक्ष ठेवायला वापरतात. तुम्ही लिहिलं नाही, पण बिडी ओढता का? ओढणाऱ्यांचा हा आकडा एरवीही थोडा वर असतो. वजन उतरलं असेल, शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आकडा काहीही असो. यातलं काहीच नसेल, तर काही आठवड्यांनी तेवढी एकच तपासणी पुन्हा करा आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

प्रश्न : वय २६, सहा वर्षांपासून खर्रा (सुपारी-तंबाखूची पुडी) खातो. तोंडात तीन बोटं जात नाहीत, गालात पांढरं झालं. पुढच्या महिन्यात आरोग्य शिबिर आहे, तेव्हा दाखवू का?
(वाचक, जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. शिबिर ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी असतं, तुम्हाला त्रास आहे. तोंड आखडणं हे सुपारीचं काम आहे आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. या सोमवारी जिल्हा रुग्णालयात दातांच्या विभागात जा, किंवा थेट नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात. खर्रा आजपासून बंद. डॉक्टरांना दिवसाच्या पुड्यांचा खरा आकडा सांगा, मला लिहिताना तो तुम्ही गाळला आहे.