उंच पोरानं लांबून शॉट मारायचा की नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सोळा वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच, बास्केटबॉलचे सर त्याला पॉवर फॉरवर्ड, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, म्हणून खेळवतात आणि लांबून शॉट मारला की ओरडतात, "तू रिंगखालीच थांब." आता ऐकायचं कुणाचं, सरांचं की पोराचं?

ऐका दोघांचं. पण आधी पोराला जर्मन खेळाडू डर्क नोवित्स्कीच्या मॅचेस दाखवा.

मी कॉलेजात हीच जागा खेळलो. काम ठरलेलं. कंबर लावून समोरच्याला मागं रेटायचं, रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, काढायचा आणि तो चाल रचणाऱ्या गार्डच्या हातात द्यायचा. हमालीच म्हणा. शॉट कुणी शिकवला नाही, मीही शिकलो नाही. पुढं माझ्याहून उंच आणि दांडगी पोरं समोर आली तेव्हा माझ्याकडं दुसरा डावच नव्हता.

डर्क जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचा, जन्म 1978 चा. आई बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉल. उंची सात फूट. असल्या पोराला जगात कुठंही रिंगखालीच उभं केलं असतं. पण पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला होल्गर गेश्विंडनर भेटला. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला, गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला विक्षिप्त माणूस. आपल्या भाषेत वस्ताद. सराव तर घ्यायचाच, वर पुस्तकं वाचायला लावायचा आणि सॅक्सोफोनही शिकायला लावला. आपल्याकडं पालकांनी दुसऱ्याच दिवशी पोरगं काढून घेतलं असतं!

शॉटचं त्यानं गणितच मांडलं. तुम्हीही कागदावर करून बघा. रिंग साधारण 45 सेंटीमीटर रुंद, चेंडू 24 चा. चेंडू वरून सरळ पडला तर जागाच जागा. जितका आडवा येईल तितकी रिंग त्याच्यासाठी अरुंद होत जाते, आणि साधारण 32 अंशांच्या खाली आला तर कडेला न लागता आत जाणं शक्यच नाही. म्हणून डर्कचा चेंडू उंच कमान घेऊन यायचा. एका पायावर मागं झुकून मारायचा तो शॉट तर बघाच. उजवा गुडघा वर घेतला की समोरचा जवळ येऊच शकत नाही. सात फुटी माणूस, त्यात मागं झुकलेला. अडवणार कोण आणि कसं?

सुरुवात मात्र रडतखडत झाली. एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या 1998 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मिलवॉकी संघानं नवव्या क्रमांकावर घेतला आणि लगेच डॅलसला देऊन टाकला. पहिल्या हंगामात सरासरी जेमतेम 8 गुणांची. 2006 च्या अंतिम मालिकेत डॅलस मायामीवर 2-0 नं पुढं होतं, पुढच्या चारही मॅचेस हरलं. 2007 मध्ये तो हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघानं 67 मॅचेस जिंकल्या, आणि पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटनं त्यांना घरी पाठवलं. मग वस्ताद आणि पठ्ठ्या ऑस्ट्रेलियात भटकायला निघून गेले.

2011 च्या अंतिम मालिकेत परत मायामीच समोर. त्याआधीच्या मालिकेत, ओक्लाहोमाविरुद्ध, एका मॅचमध्ये 48 गुण, त्यात फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, 24 पैकी 24. (तुमच्या मुलाला विचारा, सलग दहा पडतात का.) अंतिम मालिकेत डाव्या हाताच्या बोटाला दुखापत, एका मॅचला अंगात ताप. शेवटच्या मॅचच्या पूर्वार्धात बारा शॉटपैकी एकच पडला, तरी मारायचा थांबला नाही. डॅलस 4-2 नं जिंकलं. 2019 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच एका संघाकडून 21 हंगाम आणि 31,560 गुण झाले होते.

आता पोटापाण्याचं. एनबीएचं स्वप्न बघू दे, पण पदवी सोडू नका. पंजाबचा सतनाम सिंग, सात फुटांच्याही वरचा, 2015 मध्ये याच डॅलसनं ड्राफ्ट केला. एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही आणि शेवटी तो कुस्तीत गेला. टीव्हीवरच्या हो, खासबागेतल्या नव्हे. आपल्याकडं खेळाडू कोट्यातली नोकरी हाच खरा आधार. त्यातही सहा फूट तीन इंच ही कोल्हापुरात उंची, देशपातळीवर नाही. तिथं त्याला बाहेरूनच खेळावं लागेल, म्हणून शॉट आत्ताच हवा.

सरांचंही चुकत नाही, रिबाउंड काढणारा बाहेर पळाला तर टीम हरते. त्यांच्याशी वाद घालू नका. मॅचमध्ये त्यांचं ऐकू दे, प्रॅक्टिस संपल्यावर अर्धा तास रिंग मोकळी मिळेल का एवढंच विचारा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, चेंडू परत द्यायला येईन. फक्त माझा गुडघा वाकत नाही, त्यामुळं गटारीत गेलेले चेंडू त्यानंच आणायचे.