सोबतच्या होड्या

डिसेंबर निम्मा सरला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांत एक प्रश्न हटकून येतो. “मी रोज प्रार्थना करते, चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, जपमाळ हातातून सुटत नाही. तरी भीती जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?” घरात काहीतरी मोठं बदललेलं असतं, वर्ष संपायला आलेलं असतं, आणि बाहेर दारोदारी नाताळचे तारे लागलेले असतात. अशा दिवसांत घाबरलेल्या माणसाला आपण घाबरलोय याचीच लाज वाटू लागते.

वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातल्या बाईंची ही हकिगत त्यांना विचारूनच लिहितेय. नाव बदललंय, ओळख पटेल असे बारकावेही बदललेत. आपण त्यांना मार्थाताई म्हणू.

नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. त्या दुपारी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटून तशाच आल्या होत्या. मनगटाला माशाचा एक खवला चिकटून वाळला होता, तो नखानं खरवडत बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पोरांनी त्याला आमच्या नाखव्याचा शर्ट घातला, मॅडम.”

नाखवा म्हणजे बोटीचा मालक, त्यांचा नवरा. आणि ‘तो’ म्हणजे म्हातारा. आपल्याकडे ख्रिस्ती वस्त्यांत वर्षअखेरीला पोरं पेंढ्याचा म्हातारा करतात, जुनी पँट-शर्ट चढवून नाक्यावर बसवतात, येणाऱ्याजाणाऱ्याकडून पैसे गोळा करतात आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री त्याला जाळतात. सरतं वर्ष गेलं. पोरांचा खेळ, आनंदाचा. पोरं जुने कपडे मागायला आली तेव्हा मार्थाताईंनी हाताला लागला तो शर्ट देऊन टाकला. निळ्या चौकड्यांचा, खिशावर डिझेलचा डाग असलेला. नवरा बोटीवर घालायचा तो. दुसऱ्या दिवशी मिस्सेहून परतताना नाक्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत तो शर्ट घालून म्हातारा बसलेला दिसला, मान एका बाजूला कललेली.

पाय लटपटले. श्वास पुरेना, बोटं बधिर झाली, छातीत धडधड. लोकांनी डॉक्टरकडे नेलं. ईसीजी नीट आला. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलंही. पण त्या रात्रीपासून तीन वाजता जाग यायची आणि उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही.

त्या घरात तीन महिन्यांत काय काय झालं होतं ते ऐका. ऑक्टोबरात नवऱ्याच्या छातीत कळ आली, हॉस्पिटल झालं, दोन स्टेंट टाकले. नोव्हेंबरात बोट विकली. जाळं ओढणं डॉक्टरांनी बंद केलं, आणि डिझेल-बर्फाचा खर्चही मासळीतून निघेनासा झाला होता. बापाबरोबर बोटीवर जाणाऱ्या मुलानं मालवाहू जहाजावर नोकरी पत्करली, ५ जानेवारीला तो निघणार होता. पस्तीस वर्षं जिचं सगळं घर एका बोटीवर चाललं, तिचा नवरा, बोट आणि मुलगा तिन्ही एका हंगामात हलले होते. कोण घाबरणार नाही?

पण त्यांना सलत होतं दुसरंच. प्रार्थनेच्या गटात कुणीतरी म्हणालं होतं, “भीती सैतानाकडून असते. पुरता विश्वास ठेवला की पळते.” मोबाईलवर एक निरोपही फिरत होता, की बायबलमध्ये ‘भिऊ नका’ हे ३६५ वेळा आहे, वर्षाच्या रोजच्या दिवसाला एक. “रोजचं एक मिळतं, तरी मी घाबरतेच,” त्या म्हणाल्या. “म्हणजे माझ्यातच खोट आहे ना?”

हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की मला राग येतो. आधीच बुडणाऱ्याच्या गळ्यात आणखी एक धोंडा. तो ३६५चा आकडाही खरा नाही. मोजून पाहिलं तर बराच कमी भरतो. आणि ते शब्द येतात तिथे बहुतेक वेळा ऐकणारं माणूस आधीच घाबरलेलं आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या देवदूताला पाहून भयभीत झाला, तेव्हा त्याला सांगितलं. मरियेच्या मनात खळबळ उडाली, तेव्हा तिला सांगितलं. रानातले मेंढपाळ फार भ्याले, तेव्हा त्यांना. नाताळच्या गोष्टीतली ही माणसं घाबरलेलीच होती, आणि त्यापायी त्यांच्यातल्या कुणालाही देवानं दूर सारलं नाही. हे मी मार्थाताईंना सांगितलं, पण लगेच नाही.

लगेच मी विचारलं ते जेवणाचं. चार-पाच दिवस त्या चहा-बिस्किटांवर होत्या. बायबल उघडायची घाई मला त्या दिवशी करायची नव्हती, पण एलीयाची गोष्ट मनात होतीच. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, जिवाच्या भीतीनं पळालेला संदेष्टा एलीया रानातल्या झुडपाखाली बसून म्हणतो की आता पुरे, मला मरण दे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवतो. तो खातो, झोपतो. देवदूत परत उठवून पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. हे वाचलेलं असूनही आपण घाबरलेल्या माणसाला आधी वचनं का ऐकवतो, मला कळत नाही. त्या दिवशी मार्थाताईंना मी एवढंच सांगितलं की रात्री पेज आणि भाजी पोटात गेलीच पाहिजे, दुपारनंतर चहा नको.

मग तीनच्या जागेचं. मी म्हटलं, इतकी वर्षं नाखवा निघायच्या वेळी तुम्ही उठलात, शरीराला ती सवय असेल. त्यांनी मान हलवली. “बोट भरती-ओहोटीवर सुटते, मॅडम. ती वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. तीनची सवय कुठली लागायला?” बरोबर होतं त्यांचं. म्हणून मी विचारलं, “मग तीन वाजता काय झालं होतं?”

त्या थांबल्या. हात छातीकडे गेला. “ऑक्टोबरात... यांना कळ आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते.”

त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. शरीर रोज रात्री त्या वेळी उठून नवऱ्याचा श्वास चालू आहे का ते तपासत होतं. मोठ्या धक्क्यानंतर असं होतं. पहारा संपलाय हे शरीराला उशिरा कळतं. हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नव्हे. मला विचाराल तर ती माया होती, पहाऱ्याला बसलेली.

घरी वाचायला म्हणून मी त्यांना मार्काच्या शुभवर्तमानातला एकच उतारा दिला, चौथ्या अध्यायाच्या शेवटचा, वादळाचा. कोळणीला होडीचीच गोष्ट द्यावी, एवढाच विचार. माझा रोख एका गोष्टीवर होता. होडीतल्या शिष्यांत निदान चौघे जातीचे कोळी. गालीलच्या सरोवरावर लहानाचे मोठे झालेले. असली माणसं घाबरली म्हणजे वादळ खरंच मोठं होतं. त्यांनी येशूला हलवून उठवलं आणि म्हटलं, आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? ही काही सभ्य प्रार्थना नव्हे. आणि मार्क सांगतो त्या क्रमानं पाहिलं तर येशूनं आधी वारा थांबवला, विश्वासाचं मग विचारलं.

दोन दिवसांनी त्या आल्या त्या एक वेगळंच घेऊन. पुस्तकात बोट घालून आणलं होतं. “हे बघा, छत्तिसावी ओवी. त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. एवढी वर्षं ऐकतेय, हे कधी कानावरच पडलं नाही. मला वाटायचं एकच होडी.” मग जरा पुढे सरून म्हणाल्या, “आमच्याकडेही एकटी बोट कुणी सोडत नाही. इंजिन बंद पडलं तर बाजूची बोट दोर टाकून ओढून आणते. नाखव्यांचं आपसांत कितीही भांडण असो.”

मी ही ओवी शेकडो वेळा वाचली असेल. मलाही ती तिथे दिसली नव्हती. पुढचं सगळं काम आम्ही त्या ओवीवर केलं.

तुमच्या बाजूला कुणाच्या होड्या आहेत, असं विचारल्यावर कळलं की त्यांनी कुणालाच हाक मारलेली नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर त्याच्या छातीवर ताण येईल. मुलाला सांगितलं तर तो जाणं रद्द करील. गटात सांगितलं तर विश्वास कमी ठरेल. मी त्यांना गेथशेमाने बागेतली, येशूला पकडलं ती रात्र आठवायला सांगितली. त्या रात्री येशूनं आपला जीव मरणाइतका खिन्न झालाय हे तिघा मित्रांना उघड सांगितलं आणि मागितलं काय, तर माझ्याबरोबर जागे राहा. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याला सोबत मागायची लाज वाटली नाही. (ते तिघे झोपले हे खरं. सोबत मागूनही कधी कधी मिळत नाही, हेही शुभवर्तमान लपवत नाही.)

त्याच दिवशी संध्याकाळी नाखव्यांना बोलावलं. उंच, खांद्यातून वाकलेले, चप्पल दाराबाहेर काढून आले. आधी म्हणाले, मला काही त्रास नाही, हिचंच बघा. थोड्या वेळानं कळलं की बोट विकल्यापासून ते रोज पहाटे बंदरावर जाऊन बसतात. बायको जागी असते हे त्यांना माहीत होतं, म्हणून आवाज न करता निघायचे. आणि ती डोळे मिटून पडायची, त्यांना काळजी नको म्हणून. एकाच खाटेवर दोघंही जागे, दोघंही झोपेचं सोंग घेतलेले. “मी बोललो तर ती जास्त घाबरेल असं वाटलं,” ते म्हणाले. मार्थाताई माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाल्या, “मी तुमचा श्वास मोजते रोज.”

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून बाहेर गेले.

ठरलं ते साधं होतं. तीनला जाग आली तर एकटीनं पडून राहायचं नाही, त्यांना हाक मारायची, दिवा लावायचा. श्वास घेताना जपमाळेचा एक मणी, आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून पुढचा मणी. श्वास सोडणं लांबलं की छातीची धडधड हळूहळू उतरते. काळजीसाठी संध्याकाळी पाचला वलांडीपाशी वीस मिनिटं राखून ठेवायची, त्या वेळात वहीत सगळं लिहायचं: मुलाचा पगार, नवऱ्याच्या गोळ्या, कर्ज. रात्री विचार आला की म्हणायचं, उद्या पाचला. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की आजचं दुःख आजच्याला पुरे. उद्याचं दुःखच नाही, असं तो म्हणत नाही.

आणि शर्ट. “परत मागा ना,” मी म्हटलं. “पोरं हसतील,” त्या म्हणाल्या. तरी गेल्या. पोरांना खरं कारण सांगितलं. कुणी हसलं नाही. त्यातल्या सगळ्यात दांडग्या पोरानं म्हाताऱ्याच्या शर्टाची बटणं एकेक सोडली, घडी घालून शर्ट त्यांच्या हातात दिला आणि स्वतःचा जुना टी-शर्ट आणायला घरी पळाला.

३१ तारखेच्या रात्री आभाराच्या मिस्सेला त्या दोन शेजारणींच्या मधे बसल्या. त्यातल्या एकीचा नवरा समुद्रात गेलेला, बारा वर्षं झाली. तिला या कधी काही विचारायच्याच नाहीत, अपशकुन वाटायचा. या वेळी त्यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मध्यरात्री घंटा वाजल्या, नाक्यावर म्हातारा पेटला, फटाके सुरू झाले. “तेव्हा आली भीती,” मला नंतर सांगत होत्या. “मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आता येतेय. ती म्हणाली, येऊ दे, मी इथेच आहे.” १ जानेवारीला देवमाता मरियेच्या सणाचं पहिलं वाचन बायबलच्या गणना पुस्तकातलं असतं, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझं रक्षण करो, हे. ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून मुलाच्या बॅगेत ठेवलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला दोन आठवड्यांहून जास्त नीट झोप नसेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे जा, गोळ्या दिल्या तर घ्या. छातीत दुखलं तर ते भीतीमुळेच असेल असं घरच्या घरी ठरवू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली मानसचा क्रमांक आहे, रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तीही एक बाजूची होडीच आहे.

फेब्रुवारीत मार्थाताई आल्या, कागदात गुंडाळलेले सुके बोंबील घेऊन. तीनची जाग आठवड्यातून एक-दोनदा अजून येते. मुलाचं जहाज बंदराला लागलं की फोन येतो, मधले दिवस जड जातात. नाखवा आता दुसऱ्यांची फाटलेली जाळी शिवून देतात, सकाळभर बंदरावर बसून. मी शर्टाचं विचारलं. “धुतला,” त्या म्हणाल्या. “डाग काही गेला नाही. तोच घालून बसतात.”