बिग बँग मानणारा माणूस ख्रिश्चन कसा राहू शकतो?

तुम्ही विचारलंय की बायबलात जग सहा दिवसांत झालं आणि सायन्स बिग बँग सांगतं, म्हणजे विश्व एका अतिदाट, अतितप्त अवस्थेतून पसरत आलं, मग शिकलेला ख्रिश्चन दोन्ही कसं मानतो, स्वतःला फसवतो का. मी वसईचा कॅथलिक, ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, म्हणजे सकाळी मिस्सा आणि अकरा वाजता डॉपलर इफेक्ट, त्यामुळे एखादा तरी पोरगा दरवर्षी हे विचारतोच.

आधी हे बघा, बिग बँगची कल्पना ज्याने मांडली तोच एक फादर होता. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, १९२३ ला पुरोहितदीक्षा घेतली आणि लगेच केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनकडे शिकायला गेला. १९२७ ला त्याने आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं की विश्व पसरतंय, म्हणजे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलच्या १९२९ च्या पेपरच्या दोन वर्षं आधी, पण फ्रेंचमध्ये आणि बेल्जियमच्या जर्नलमध्ये छापलं, कोण वाचतंय! आइन्स्टाइन त्याला भेटल्यावर म्हणाला की गणित बरोबर आहे पण फिजिक्स भयंकर आहे. मग १९३१ ला 'नेचर'मध्ये एक छोटीशी नोट, की सगळं एका आदिम अणूपासून सुरू झालं असावं.

आता आमच्या लोकांचे व्हॉट्सअॅप फॉरवर्ड सुरू होतात, 'बघा, फादरनेच बिग बँग शोधला, देव सिद्ध झाला!' मला याची फार चीड येते, कारण लमेत्रला स्वतःलाच हे नको होतं. त्या १९३१ च्या नोटच्या टाइप केलेल्या प्रतीत शेवटी देवाबद्दल एक परिच्छेद होता, तो त्याने छापायला देण्याआधी काट मारून काढून टाकला. १९५१ ला खुद्द पोप बारावे पायस भाषणात असं काही बोलून गेले की नव्या विज्ञानाने जणू बायबलातल्या देवाच्या 'प्रकाश होवो'ची साक्षच दिली, तर लमेत्र अस्वस्थ झाला, व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या प्रमुखांबरोबर बसून विषय पुढे नेला, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा परत काढला नाही. पोपला गप्प करणं म्हणजे काय, हे चर्चच्या साध्या मीटिंगला बसलेल्यांना कळेल.

विज्ञानाने देव सिद्ध करायला जाऊ नये, हे लमेत्रचं म्हणणं मला पटतं. उद्या बिग बँग चुकीचं निघालं तर देवपण चुकीचा ठरणार का? तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्विनस तर म्हणायचा की जगाला सुरुवात होती हे आपण श्रद्धेने मानतो, तर्काने सिद्ध करता येत नाही. त्याने आधीच्या काळातल्या संत ऑगस्टिनकडून घेतलेलं एक उदाहरण आहे: पाय अनादी काळापासून धुळीत असता तर ठसाही अनादीच असता, तरी ठसा पायामुळेच आहे ना. म्हणजे 'निर्माण केलं' म्हणजे पहिल्या सेकंदाला बटण दाबलं असं नाही, आत्ता या क्षणालासुद्धा जग कशावर टिकून आहे, हा तो प्रश्न. टेलिस्कोपमधून त्याचं उत्तर येणार नाही, हो किंवा नाही, दोन्ही नाही.

सहा दिवसांचं म्हणाल तर ते काव्य आहे. इंग्लंडहून आलेल्या जेझुइट फादर स्टीफन्सनी १६१६ ला गोव्यात राचोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात उत्पत्तीची तीच गोष्ट मराठी ओव्यांत सांगितलीय, आणि ओवी वाचताना कोणी स्टॉपवॉच घेऊन बसत नाही. अमेरिकेत काही पंथ अक्षरशः सहा दिवस मानतात, तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ.

गॅलिलिओ काढाल, काढा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल १६३३ ला चर्चने त्याला शिक्षा केली, मरेपर्यंत घरात नजरकैदेत ठेवला, चूक ती चूकच आणि ती नीट कबूल करायला १९९२ उजाडावं लागलं.

पण खरं सांगू, माझी श्रद्धा बिग बँगने कधी हललीच नाही. ती हलते हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डातून बाहेर पडताना. तो प्रश्न वेगळा टाका, तिथे मात्र माझी पण फे फे उडते.